मिश्र सेंद्रिय शेतात मोकळी डुकरं : सहा वर्षांचा अनुभव आणि पावसाळ्याचा प्रश्न

मांगरकर · १२ मे

नमस्कार मंडळी,

सावंतवाडी तालुक्यात, गोव्याच्या हद्दीजवळ माझी साडेचार एकर जमीन आहे. वर दीड एकर काजू, खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला नारळ-पोफळ, मध्ये भाताचे कुणगे, म्हणजे छोटी खाचरं, आणि उरलेली भरड (वरकस) जमीन. बारा वर्षांपूर्वी रासायनिक खत बंद केलं. दोन गायी आहेत, पंचवीसेक कोंबड्या आहेत आणि सहा वर्षांपासून डुकरं आहेत. सध्या दोन माद्या, एक नर आणि सहा वाढती.

वराहपालनावर मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक सिमेंटचे गाळे, गोळी खाद्य आणि शंभर माद्यांचा प्रकल्प असंच असतं. पिकांच्या फेरपालटात डुकरं बसवायची, वर्षातला बराच काळ उघड्यावर ठेवायची, यावर कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही. म्हणून माझं जे झालं ते चुकांसकट सांगतो. शेवटी एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला पाऊस सुरू व्हायच्या आत हवं आहे.

डुकरं आणली ती लव्हाळ्यामुळे. भात कापल्यावर कुणग्यांत आम्ही चवळी, मिरची, लाल माठ करतो. लव्हाळ्याने ते नकोसं करून टाकलं होतं. वरचं पातं खुरपलं तर आठ दिवसांत पुन्हा हजर, कारण खाली गाठींची माळ असते. नांगर फिरवला की गाठी तुटून आणखी पसरतात. तणनाशक मारायचं नाही हे ठरलेलं. बांद्याचे एक वयस्क शेतकरी म्हणाले, "डुकर सोड, तो गाठी येचून खाता." जुन्या संस्कृत कवींनी रानडुकरं मुस्ता उकरतात असं लिहून ठेवलंय, ती मुस्ता म्हणजे हाच लव्हाळा, हे मला नंतर कळलं.

पहिल्या वर्षी तीन पिल्लं आणली. पाच गुंठ्यांचा तुकडा आखायचा, झटका मशीनच्या (विजेच्या कुंपणाच्या) दोन तारा ओढायच्या, एक वीतभर उंचीवर आणि दुसरी दोन वितींवर, आणि डुकरं आत सोडायची. आठ-दहा दिवसांत माती वीतभर खोल उलटीपालटी होते. गाठी चावताना कुरुम कुरुम आवाज येतो, तो ऐकत मी बांधावर तासन् तास बसलो आहे. पहिल्या वर्षी लव्हाळा निम्म्यावर आला. तिसऱ्या वर्षी खुरपणीला चार बायांऐवजी दोघी पुरल्या. "गेला" असं मी आजही म्हणणार नाही.

झटक्याबद्दल एक गोष्ट. पिल्लांना तार ओळखायला आधी शिकवावं लागतं. डुकराला झटका बसला की ते मागे सरत नाही, पुढे धावतं आणि तार घेऊनच निघून जातं. म्हणून पहिले चार दिवस गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणभिंतीला, लागून छोटा कोंडवाडा करायचा, गडग्याच्या आतून तार. झटका बसला तरी पुढे भिंत असते, मग मागे फिरावंच लागतं. एकदा शिकलं की पुढे बंद तारेलाही मान देतं.

खाण्याचं वेळापत्रक शेतच ठरवतं. मार्च ते मे काजूची बोंडं. बी काढून घेतल्यावर आमच्याकडे बोंडांचे ढीग कुजत असत, आता एक बोंड वाया जात नाही. फेणीसाठी रस काढणाऱ्यांकडून चोथाही मिळतो, पण तो ताजा असेल तेव्हाच. मे-जूनमध्ये पडके फणस. नोव्हेंबरात कापणीनंतर कुणग्यांत सांडलेलं भात. बाराही महिने तांदळाचा कोंडा आणि खोबऱ्याची पेंड. अळूची पानं-कांदे शिजवूनच, कच्च्याने त्यांचाही घसा खाजतो. एवढ्यावर सगळं भागतं असं मात्र नाही. वाढत्या पिल्लांना प्रथिनं कमी पडली की ती लांबट, हडकुळी राहतात. मी दोन वर्षं ते अनुभवलं, आता कुळीथ भरडून शिजवून घालतो.

आता चूक. दुसऱ्या वर्षी मी सात जनावरं जूनअखेरपर्यंत काजूखालच्या उतारावर ठेवली. त्यांनी ती जागा नांगरल्यासारखी केली होती. पहिल्या मोठ्या पावसात वरची सगळी माती चिखल होऊन खाली आली, ती थेट शेजाऱ्याच्या तरव्यावर, म्हणजे भाताच्या रोपांवर. त्यांची लावणी पंधरा दिवस मागे पडली. मी माझा तरवा त्यांना दिला आणि त्या वर्षी आमचे दोन कुणगे पड राहिले. शेजारी मोठ्या मनाचे, काही बोलले नाहीत. पण जी माती मी शेणखत घालून घालून बनवली होती ती व्हाळातून समुद्राला गेली, ते दुःख अजून आहे.

प्रश्न असा : मोठी मादी ३ मार्चला फळली. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस धरले, म्हणजे ११४ दिवस, तर २५ जूनला विणार. ऐन पावसात. तिला कुठे ठेवू? गायींच्या गोठ्यात जागा आहे, पण तिला कोंडून घातलं तर ती भिंतीला तोंड घासत राहते, ते मला बघवत नाही.

---

केपेंकार · १२ मे

मांगरकर, लेख वाचून फार बरं वाटलं. मी गोव्याचा, केपे तालुक्यातला. आमच्याकडे डुकरं तीन पिढ्या आहेत, काळी, लांब तोंडाची, आखूड पायांची गावठी. या जातीची 'अगोंडा गोवन' नावाने राष्ट्रीय नोंद झालेली आहे, काणकोणातल्या आगोंदच्या नावावरून. जुन्या गोव्याला केंद्र सरकारची कृषी संशोधन संस्था आहे, तिथे या जातीवर काम झालं आहे. पांढऱ्या यॉर्कशायरएवढं वजन येत नाही, पिल्लंही कमी होतात. पण ऊन, चिखल, हलका चारा यांत ती टिकते. पांढऱ्या डुकराची कातडी उन्हात भाजून सोलते, काळ्याचं तसं होत नाही. तुमच्याकडे कुठली आहेत?

कुळागरात, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेत, कधी सोडू नका एवढंच सांगतो. पोफळीची मुळं वरवर असतात आणि पाटाचे बांध डुकरं एका सकाळीत फोडतात.

आणि खाऱ्या मासळीपासून सावध राहा. आमच्या वडिलांनी एकदा सुकी मासळी धुतलेलं पाणी कोंड्यात कालवलं. त्याच दिवशी नळाला पाणी नव्हतं, डुकरं दुपारभर तहानेली राहिली. संध्याकाळी दोन डुकरं गोल गोल फिरायला लागली, भिंतीवर आपटायला लागली, रात्री गेली. आम्हाला वाटलं विषबाधा झाली.

---

पशुवैद्य_रत्नागिरी · १३ मे

केपेंकार, ती मिठाचीच विषबाधा. डुकराला मीठ जास्त झालं आणि प्यायला पाणी नसलं की मेंदूला सूज येते. मीठ थोडं जास्त असूनही पाणी मुबलक असेल तर बहुधा निभावतं. अशा जनावराला एकदम भरपूर पाणी पाजणंही घातक ठरतं, थोडं थोडं द्यायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं.

मांगरकर, तुमच्या प्रश्नाकडे येतो, पण आधी मोकळ्या डुकरांबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लिहितो, कारण हा धागा वाचून कोणी नवीन माणूस उद्या डुकरं सोडेल.

माणसाची विष्ठा डुकराच्या तोंडी लागता कामा नये. पट्टकृमीचं चक्र असं आहे : ज्या माणसाच्या आतड्यात हा चपटा जंत आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती डुकराने खाल्ली की त्याच्या मांसात तांदळाएवढे किंवा मोठे पांढरे फोड होतात. ते मांस अर्धं कच्चं खाल्लं तर माणसाच्या आतड्यात पुन्हा जंत होतो. मेंदूत गाठी होऊन आकडी येते ती मात्र मांस खाल्ल्याने येत नाही. त्या जंताची अंडी दूषित पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून, कच्च्या भाजीतून पोटात गेली की येते. म्हणजे कधीही डुक्कर न खाल्लेल्या माणसालाही ती होते. शुद्ध शाकाहारी घरातले रुग्ण आमच्या डॉक्टर मित्रांनी पाहिलेत. दोष डुकरावर येतो, पण चक्र तुटतं ते संडासाने. शेतावर येणाऱ्या मजुरांसाठी पक्का संडास नसेल तर मोकळी डुकरं पाळू नका.

दुसरं, गोल जंत. त्याची अंडी मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतात. त्याच तुकड्यात दरवर्षी डुकरं फिरवलीत तर पिल्लं खोकतील, वाढ खुंटेल आणि कापल्यावर यकृतावर पांढरे ठिपके दिसतील. तुकडा दोन-तीन वर्षांनीच परत द्या, आणि पिल्लांना नेहमी सर्वांत जास्त विश्रांती मिळालेली जागा द्या.

तिसरं, स्वाइन फीव्हर. जुना, म्हणजे क्लासिकल, याची लस आहे, ती टोचून घ्याच. सेंद्रिय शेतीत लस चालते, याबद्दल गैरसमज फार आहेत. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२०मध्ये आसाम आणि अरुणाचलातून आपल्या देशात शिरला, तो वेगळा विषाणू आहे. माणसाला होत नाही, पण डुकरांत जवळजवळ सगळा कळप जातो. उपचार नाही. रोग निघाला की एक किलोमीटरच्या परिघातली डुकरं मारावी लागतात. हा विषाणू खारवलेल्या, धुरावलेल्या मांसातही टिकतो. म्हणून हॉटेलचं उष्टं आणू नका. नवीन जनावर आणलं तर महिनाभर वेगळं ठेवा, आणि रानडुकरांशी नाकाला नाक लागणार नाही असं दुहेरी कुंपण करा. तुमच्या काजूत रानडुकरं येत असणारच.

मादीसाठी : चिऱ्याचं उंच जोतं, वर छप्पर, तीन बाजू बंद. आत भिंतीपासून वीतभर अंतरावर आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवा वासा चारी बाजूंनी. मादी भिंतीला टेकून बसते तेव्हा पिल्लं त्या फटीत सुटतात. पहिल्या तीन दिवसांत चिरडून मरणारी पिल्लं रोगाने मरणाऱ्यांपेक्षा जास्त असतात.

---

भाजीवाली_कुडाळ · १३ मे

एक प्रामाणिक प्रश्न, राग मानू नका. तुम्ही सेंद्रिय भाजी म्हणून विकता. ज्या मातीत डुकरं हगली-मुतली तिथला लाल माठ मी माझ्या पोरांना घालू का? आणि गिऱ्हाइकांना हे सांगता का?

---

मांगरकर · १३ मे

ताई, राग कसला. हाच प्रश्न मला माझ्या आईने विचारला होता.

गिऱ्हाइकांना सांगतो. तीन कुटुंबांनी त्यावर भाजी घेणं बंद केलं, त्यांचा निर्णय मला मान्य आहे. बाकीचे शेतावर येऊन बघून गेले.

अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत कच्चं शेण घातल्यापासून मातीला टेकणारं पीक काढेपर्यंत १२० दिवसांचं अंतर सांगितलं आहे, मातीला न टेकणाऱ्याला ९०. मी १२० सगळ्यांनाच लावतो. म्हणजे डुकरं गेली की त्या तुकड्यात लगेच पालेभाजी नाही. नोव्हेंबरात डुकरं फिरली तर तिथे आधी चवळी, तीही शेंगा वर लागणारी, आणि मार्चअखेरीला तोडणी. पालेभाजी पुढच्या वर्षी. लाल माठाचे वाफे मी आता डुकरांच्या फेरीतून पूर्ण बाहेर काढले आहेत, तिथे फक्त चांगलं कुजलेलं गायीचं खत.

डॉक्टर, वाशाची सूचना सोन्यासारखी. मागच्या वेताला माझी तीन पिल्लं चिरडली गेली. शेतावर संडास नव्हता हेही खरं, गेल्या वर्षी बांधला. तुम्ही लिहिलेलं चक्र मी मजुरांना वाचून दाखवलं.

केपेंकार, माझ्या दोन्ही माद्या काळ्या गावठी आहेत, नर अर्धा यॉर्कशायर.

---

डेव्हनकर · १४ मे

मी मूळची कोल्हापूरची, गेली चार वर्षं इंग्लंडात डेव्हनमधल्या एका मिश्र सेंद्रिय शेतावर काम करते. गायी, मेंढ्या, धान्य आणि बावीस माद्या. तुमचा चिखलाचा प्रश्न वाचून हसू आलं नाही, डोळ्यात पाणी आलं, कारण आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च हाच प्रश्न असतो.

इथल्या सेंद्रिय नियमांत जमिनीवर किती जनावरं चालतील याचा हिशेब नत्रावर आहे : हेक्टरी वर्षाला १७० किलोपेक्षा जास्त नत्र शेणामुतातून पडू नये. त्यावरून हेक्टरी साडेसहा माद्या किंवा चौदा वाढती डुकरं असा आकडा येतो. एकरात सांगायचं तर अडीच माद्या किंवा पाच-सहा वाढती. हा वरचा आकडा आहे आणि हलक्या, निचऱ्याच्या जमिनीसाठीही आमचा मालक तो निम्मा धरतो. तुमचे सहा वाढते आणि तीन मोठे, साडेचार एकरात, त्यातही काजू-पोफळ वगळली तर जागा फार नाही. पावसाळ्यापुरती संख्या कमी करता येईल का? इथे बरेच जण हिवाळ्याआधी विकून मोकळे होतात.

दुसरं, आम्ही एक जागा 'बळी' देतो. सर्वांत सपाट, सर्वांत निचऱ्याचा, ओढ्यापासून सर्वांत लांबचा तुकडा. वाईट दिवसांत सगळी डुकरं तिथे, आणि तो तुकडा खराब होणार हे गृहीत धरायचं. बाकीचं शेत वाचतं.

राहायला पन्हाळी पत्र्याच्या अर्धगोल झोपड्या असतात, खाली तळ नाही, आत पेंढा भरपूर. मादी विण्याच्या आदल्या दिवशी तोंडात पेंढा धरून येरझारा घालते, घरटं करते. गाळ्यात कोंडलेली मादी तुम्ही म्हणता तशी भिंतीला तोंड घासते ते यासाठीच. तिला काहीतरी वाहून न्यायला द्या. तुमच्याकडे झावळ्या आहेतच.

नाकात कडी घालायचा सल्ला कोणी देईल. आमच्या प्रमाणपत्रात ती मनाई आहे, आणि उकरू द्यायचं नसेल तर मोकळं ठेवायचं कशाला? पोट भरल्यासारखं वाटायला चोथा, गवत, पाला मिळाला तर उकरणं बरंच कमी होतं.

पिल्लांना आईपासून चाळीस दिवसांच्या आत तोडता येत नाही. आम्ही आठ आठवडे ठेवतो. मातीत फिरणाऱ्या पिल्लांना लोहाचं इंजेक्शन सहसा लागत नाही, आईच्या दुधात लोह नगण्य असतं पण माती चघळून त्यांना मिळतं. तुमच्या लाल मातीत तर प्रश्नच नसावा.

उष्ट्याबद्दल डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. २००१मध्ये इथे गायीगुरांत लाळ्या-खुरकूत पसरली ती एका डुक्करफार्मवरून, न शिजवलेलं उष्टं घातल्यामुळे. लाखो जनावरं मारावी लागली. तेव्हापासून घरच्या स्वयंपाकघरातली बटाट्याची सालंही डुकराला घालणं इथे गुन्हा आहे.

---

सोलापूरचा_वडार · १४ मे

मी वडार समाजाचा. आमच्या आज्याची डुकरं होती, चाळीस-पन्नास. दगड फोडायचं काम नि डुकरं, दोन्हींवर घर चालायचं. सणाला, लग्नाला डुक्कर पडायचं. पैसा अडला की एक विकायचं. बँक तीच.

आमची डुकरं गावभर फिरायची कारण आमच्याकडं जमीनच नव्हती. गटारीचं, उकिरड्याचं खायची कारण आमच्याकडं कोंडा नव्हता. त्यावरून आमच्या पोरांना शाळेत काय काय ऐकावं लागलं ते मी इथं लिहीत नाही. एका सकाळी आमच्या गावची पालिकेची गाडी आली नि सगळी डुकरं उचलून घेऊन गेली. आज्या तीन दिवस जेवला नाही.

तुमचा लेख वाचताना सारखं मनात येत होतं की माझ्या आज्याला एक एकर मिळाला असता तर त्यानं हे सगळं केलं असतं. त्याला सगळं ठाऊक होतं. मादी माजावर आहे का बघायला तो तिच्या पाठीवर हात दाबायचा, ती खांबासारखी उभी राहिली की नर सोडायचा. एकवीस दिवस मोजायचा. विणार त्या दिवशी सड पिळून बघायचा, दूध आलं की म्हणायचा, आज रात्री जागायचं. दुपारी दूध आलं तर उजाडायच्या आत पिल्लं. कधी चुकला नाही.

एक त्याची युक्ती सांगतो. मादी विताना तापट असली की तिच्याजवळ जाणारा माणूस रोजचाच पाहिजे, रोजच्याच कपड्यात. नवा माणूस, नवा वास आला की ती उठते-बसते नि पिल्लं चिरडते. गोठ्यात बघ्यांची गर्दी होऊ देऊ नका.

---

मांगरकर · १४ मे

दादा, तुमचं लिहिणं रात्री दोनदा वाचलं. माझ्याकडे वडिलोपार्जित जमीन होती म्हणून मला 'प्रयोगशील शेतकरी' म्हणतात. तेच काम तुमच्या आजोबांनी जमिनीशिवाय केलं आणि त्यांच्या डुकरांना मोकाट म्हणून उचलून नेलं. हे धाग्यात आलं ते फार बरं झालं. तुमची हरकत नसेल तर फोनवर बोलायला आवडेल, व्यक्तिगत निरोप पाठवतो.

---

कृषीपदवीधर · १५ मे

थोडं विरोधात लिहितो. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जांभी माती, उतार. इथे डुक्कर बाहेर ठेवणं म्हणजे धूप विकत घेणं. डेव्हनला आमच्या तिमाहीइतकाही पाऊस वर्षभरात पडत नाही, ती तुलना करू नये. शिवाय भातखाचरं, बगळे, डास आणि डुकरं एकत्र आली की जपानी मेंदूज्वराचा धोका असतो, विषाणू डुकरांत वाढतो आणि डासांमार्फत माणसांत येतो. माझ्या मते जून ते सप्टेंबर जनावरं छपराखालीच हवीत, नाहीतर हा धंदा करू नये.

अनुदानाचंही बघा. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१-२२पासून वराहपालनाला भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल ३० लाखांपर्यंत मदत आहे, १०० माद्या आणि १० नरांच्या प्रकल्पाला. रीतसर शेड असेल तर बँक उभी करते.

---

मांगरकर · १५ मे

धुपीबद्दल तुम्ही बरोबर आहात आणि मी ते माझ्याच शेतावर बघितलं आहे. जून ते सप्टेंबर छपराखाली, हे मी स्वीकारतो. पण छपराखाली म्हणजे सिमेंटवर असं नाही. सपाट जोतं, वर पत्रे, आत हातभर नारळाची सोडणं, सुका पाला आणि पेंढा, समोर जांभ्याचा मुरूम टाकलेलं अंगण. उकरायला पाला आहे, बाहेर बघायला अंगण आहे, आणि चार महिन्यांचं मूतपाणी शोषून तयार झालेलं खत ऑक्टोबरात काजूच्या आळ्यांना. मेंदूज्वराचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो, हे अंगण घरापासून आणि कुणग्यांपासून लांब, वरच्या अंगाला ठेवतो.

शंभर माद्यांचं मात्र माझ्याने होणार नाही. शंभर माद्यांना खाद्य विकत आणावं लागेल, शेण टाकायला जागा उरणार नाही, आणि मग ती शेती राहणार नाही. माझ्या शेतात जेवढी बोंडं, जेवढा कोंडा, जेवढे कुणगे, तेवढीच डुकरं. भात-काजू आमच्या पीजीएस गटात (शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासून सेंद्रिय ठरवायची पद्धत) प्रमाणित आहेत. डुकरांना मी सेंद्रिय म्हणून विकत नाही, कारण पेंड बाजारातली असते. जिवंत जनावर विकतो, नाताळाआधी गोव्यातली आणि बांद्याची कुटुंबं चोरिसीसाठी (मसालेदार गोवन सॉसेजसाठी) नेतात. मांस विकायचं तर अन्नसुरक्षेचा परवाना आणि कत्तलीची रीतसर सोय हवी, ते माझ्या आवाक्यातलं नाही.

डेव्हनकर ताई, संख्येचा हिशेब मनाला लागला. सहातली चार वाढती या महिन्यात विकतो.

---

पशुवैद्य_रत्नागिरी · १५ मे

सोडणं नवी घालू नका, ती रेशाची आणि कडक असतात, पिल्लांच्या गुडघ्यांना खरचटतं. विण्याच्या कोपऱ्यात फक्त पेंढा. आणि पिल्लांसाठी एका कोपऱ्यात ऊब लागेल : मादीला पंचवीस अंशांवर गरम होतं, नवजात पिल्लाला बत्तीसच्या आसपास हवं असतं. वीज जाते तिथे दिव्यावर भिस्त ठेवू नका, जाड पेंढा आणि वाऱ्याचा आडोसा पुरतो.

---

मांगरकर · २६ जून

कळवायला थोडा उशीर झाला, दोन रात्री झोप नव्हती.

जोतं ८ जूनला पुरं झालं, पाऊस त्याच आठवड्यात लागला. वासे चारी बाजूंनी बसवले. २३ तारखेला सकाळी मी जाणूनबुजून झावळ्यांची सुकी पात आणि पेंढ्याच्या दोन पेंढ्या अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवल्या. दुपारपासून मादी ती तोंडात धरून आत न्यायला लागली. पावसात भिजत, एकेक काडी. गेली दोन वेतं तिने भिंत घासण्यात घालवली होती, या खेपेला भिंतीकडे बघितलंही नाही. २४ला दुपारी सड पिळला तर दूध आलं. सोलापूरच्या दादांना फोन केला, ते म्हणाले, आज रात्री जागा. मी एकटाच बसलो, रोजच्याच सदऱ्यात.

रात्री पावणेबारापासून पहाटे चारपर्यंत नऊ पिल्लं. एक मेलेलं आलं. आज तिसरा दिवस, आठही जिवंत आहेत. मादी बसते तेव्हा ती वाशाखाली सरकतात, डोळ्यांनी बघितलं.

काजूखालचा उतार या वर्षी पूर्ण मोकळा ठेवला. समपातळीवर तीन चर काढले, चरांच्या कडेला वाळा लावला आणि वर नाचणी फोकली. काल दीडशे मिलिमीटर पाऊस झाला असावा, खालच्या शेजाऱ्यांच्या कुणग्यात पाणी गेलं पण माती गेली नाही. ते स्वतः सांगायला आले.

---

केपेंकार · २६ जून

देव बरें करूं! यातली एक मादी मला द्याल? आमच्या नराशी नातं नाही, रक्त नवीन येईल.

---

मांगरकर · २७ जून

नक्की. आठ आठवडे आईपाशी राहू देत, म्हणजे २० ऑगस्टनंतर या. कानाजवळ पांढरा ठिपका असलेली एक आहे, सगळ्यांच्या आधी सडाला लागते, ती तुमच्यासाठी ठेवतो. लस टोचून देईन, तरी तुमच्याकडे गेल्यावर महिनाभर वेगळी ठेवा. गाडी फाटकाबाहेर लावा आणि आत येताना माझे गमबूट घाला, तुमच्या मापाचे काढून ठेवतो.